विल्यम बर्ड : दोन उपासनांचा एक संगीतकार

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये देवाची प्रार्थना कोणत्या भाषेत करावी आणि तिच्यात संगीत किती असावे, हे प्रश्न राजसत्तेच्या अखत्यारीत होते. अशा काळात विल्यम बर्ड यांनी राजमान्य चर्चसाठी संगीत रचले आणि त्याच सत्तेने निषिद्ध ठरविलेल्या उपासनेसाठीही.

बर्ड यांचा जन्म १५४० च्या सुमारास झाला. १५६३ मध्ये ते लिंकन कॅथिड्रलमध्ये ऑर्गनवादक म्हणून रुजू झाले. वाद्यसंगीताच्या विस्तारात प्रार्थनेचे शब्द हरवतात, असे कडव्या प्रॉटेस्टंट सुधारकांचे मत होते. १५६९ मध्ये तेथील धर्माधिकाऱ्यांनी बर्ड यांचे वेतन काही काळ रोखले. पुढे गायकांना सूर देण्यापुरतेच ऑर्गन वाजविण्याचे बंधन त्यांच्यावर आले.

१५७२ मध्ये ते पहिल्या एलिझाबेथ राणीच्या 'चॅपल रॉयल' या गायकवृंदात दाखल झाले. १५७५ मध्ये राणीने त्यांना व ज्येष्ठ संगीतकार थॉमस टॅलिस यांना संगीत छपाईचा २१ वर्षांचा एकाधिकार दिला. त्याच वर्षी दोघांनी ३४ लॅटिन रचनांचा संग्रह राणीला अर्पण केला.

बर्ड मात्र कॅथलिक श्रद्धेपासून ढळले नाहीत. राजमान्य चर्चच्या उपासनेला गैरहजर राहिल्याबद्दल त्यांच्यावर व पत्नीवर खटले भरले गेले. राणीच्या मर्जीमुळे ते कठोर शिक्षेतून वाचले. त्या काळी कॅथलिक मिस्सा हा गुन्हा होता, तर धर्मगुरूंना देहदंड होई. श्रीमंत कॅथलिकांच्या वाड्यांत चोरून होणाऱ्या या उपासनेसाठी बर्ड यांनी तीन, चार व पाच आवाजांचे तीन मिस्सा रचले. १५९२ ते १५९५ या काळात ते शीर्षकपृष्ठाविना छापले गेले.

एसेक्समधील स्टॉन्डन मॅसी गावी स्थायिक झाल्यावर त्यांनी १६०५ व १६०७ मध्ये 'ग्रादुआलिया'चे दोन खंड प्रसिद्ध केले. वर्षभरातील सणांसाठी त्यात शंभराहून अधिक रचना आहेत. बर्ड यांची पुस्तके जवळ सापडल्याने लंडनमध्ये एका परदेशी प्रवाशाला अटक झाली, यावरून या सुरांची सत्तेला वाटणारी धास्ती लक्षात येते.

याच लेखणीतून अँग्लिकन उपासनेसाठी 'ग्रेट सर्व्हिस' ही भव्य इंग्रजी रचनाही उतरली. ४ जुलै १६२३ रोजी बर्ड यांचे निधन झाले. एकेकाळी दाराला कडी लावून गायिले जाणारे त्यांचे मिस्सा आज अँग्लिकन कॅथिड्रलांतही खुलेपणाने गायिले जातात.