दुसऱ्याचे डोळे घडवणारी डोरोथी

लॅब्रॅडोरचं किंवा गोल्डन रिट्रिव्हरचं पिल्लू घरात आलं की पहिले चार दिवस सणासारखे जातात. पाचव्या दिवशी नव्या चपलेचा पट्टा कुरतडलेला सापडतो, सहाव्या दिवशी दिवाणखान्यात डबकं! हट्ट मुलांचा असतो, हौस बाबांची असते, पण पोछा मात्र आईच्याच हातात येतो. मग प्रश्न सुरू होतात. याला शिस्त कशी लावायची? काय काय शिकवायचं?

कुत्र्याला कशासाठी शिकवायचं, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. तो एका श्रीमंत घरातल्या अमेरिकन बाईला पडला आणि त्याच्या उत्तरापायी तिनं आपला पैसा आणि आयुष्याची उरलेली वर्षं खर्ची घातली. तिचं नाव डोरोथी हॅरिसन युस्टिस. पांढरी काठी एका हातात आणि कुणाचा तरी खांदा दुसऱ्या हातात, एवढंच ज्यांच्या नशिबी होतं, अशा अंध माणसांना तिनं एकट्यानं रस्ता ओलांडायला शिकवलं. तेही कुत्र्याच्या मदतीनं!

डोरोथीचा जन्म 1886 चा, फिलाडेल्फियातला. वडील साखर कारखानदार, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्रमुख झाले. घरात कशाची ददात नव्हती. 1906 मध्ये वॉल्टर वूड यांच्याशी लग्न झालं आणि ती न्यूयॉर्क राज्यातल्या हूसिक परिसरात राहायला गेली. तिथं या जोडप्यानं दुभत्या गाईंचा एक प्रायोगिक गोठा चालवला. जास्त दूध देणाऱ्या, निरोगी गाईंची निवड करून पुढची पिढी आणखी चांगली कशी करता येईल, हे तिनं तिथं जवळून पाहिलं. शिवाय घरात हान्स नावाचा एक जर्मन शेफर्ड होता. त्याची हुशारी आणि जीव लावणं पाहून तिच्या मनात आलं, की जे गाईंच्या बाबतीत जमतं ते कुत्र्यांच्या बाबतीत का जमू नये? प्रदर्शनात मिरवणारा देखणा कुत्रा कशाला? कामाचा, शहाणा, शांत डोक्याचा कुत्रा का नको?

1915 मध्ये वॉल्टर गेले. डोरोथी तिशीच्या आतच विधवा झाली, पदरात दोन मुलगे. पुढे 1923 मध्ये जॉर्ज युस्टिस यांच्याशी तिनं दुसरं लग्न केलं. स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावाच्या वरच्या डोंगरावर दोघांनी कुत्र्यांचं केंद्र उभं केलं, ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’. जोडीला एलियट हम्फ्री हा मोठा जाणकार प्रशिक्षक होता. इथली कुत्री पोलिसांकडे, सैन्याकडे कामाला जात. बाईंच्या या ‘नादाचा’ बोलबाला होऊ लागला.

एवढ्यावरच गोष्ट थांबली असती, तर डोरोथी आज कुणाच्या लक्षातही राहिली नसती. पण जर्मनीत पॉट्सडॅमला तिनं एक वेगळीच शाळा पाहिली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना तिथं वाट दाखवणारी कुत्री दिली जात होती. खाली मान घालून, चाचपडत येणारा माणूस कुत्र्याचा पट्टा हातात येताच ताठ होतो, पावलं झपाझप टाकतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. त्यावर तिनं लिहिलेला लेख 5 नोव्हेंबर 1927 च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये छापून आला.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये एका वडिलांनी तो लेख आपल्या मुलाला वाचून दाखवला. मुलाचं नाव मॉरिस फ्रँक. सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून एक डोळा गेला, सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात दुसरा. शिकत होता, विम्याची कामंही करत होता, पण पदोपदी कुणाचा तरी हात धरावा लागे आणि त्याचीच त्याला चीड होती. त्यानं लगोलग डोरोथीला पत्र लिहिलं. मला असा कुत्रा मिळवून द्या, मी माझ्यासारख्या इतरांनाही शिकवीन, असा त्याचा आशय.

खरं तर तोवर डोरोथीच्या केंद्रात अंधांसाठी एकही कुत्रा तयार झाला नव्हता! पण तिनं नाही म्हटलं नाही. हम्फ्रीला ती पद्धत शिकून घ्यायला लावली आणि मॉरिसला बोलावून घेतलं. 1928 च्या वसंतात तो निघाला, पण तेव्हा अंध माणसानं एकट्यानं प्रवास करणं कुणाच्या पचनीच पडत नव्हतं. बोटीवर त्याला अगदी पार्सलासारखं सांभाळलं गेलं. सोबत माणूस असेल तरच बाहेर, नाहीतर खोलीत बंद!

स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या हाती एक जर्मन शेफर्ड कुत्री दिली गेली. तिचं नाव त्यानं ‘बडी’ ठेवलं, म्हणजे दोस्त. मग रोज तालीम. कुत्रीच्या पाठीवरच्या पट्ट्याला कडक दांडा, तो मॉरिसच्या डाव्या हातात. डावीकडे, उजवीकडे, पुढे असे मोजके हुकूम. फुटपाथची कड आली की कुत्री थांबणार, मग त्यानं पायानं पायरी चाचपायची. कुठं जायचं हे माणसानं ठरवायचं आणि तिथं सुखरूप कसं न्यायचं हे कुत्रीनं पाहायचं, अशी कामाची वाटणी.

या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा हुकूम मोडण्याचा. माणूस ‘पुढे चल’ म्हणाला आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. नुसत्या धाकानं शिकवलेला कुत्रा हे कधीच करू शकणार नाही, कारण धाकातल्या जिवाला हुकूम पाळणं एवढंच ठाऊक असतं. ज्याचा शिकवणाऱ्यावर विश्वास आहे आणि ज्याला स्वतःचं डोकं वापरू दिलंय, तोच वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणू शकतो. (मुलांना वाढवतानाही हे किती खरं आहे, नाही का?)

जून 1928 मध्ये मॉरिस आणि बडी न्यूयॉर्कला उतरले. बातमीदारांचा विश्वास बसेना. वेस्ट स्ट्रीट हा तिथला अतिशय वर्दळीचा रस्ता, तो ओलांडून दाखव म्हणाले. दोघं निघाले. थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे होत पलीकडे पोचले! मॉरिसनं डोरोथीला तार केली ती अवघ्या एका शब्दाची, यश मिळाल्याची.

त्याच वर्षी डोरोथीचा दुसरा संसार मोडला. पण ती खचून बसली नाही. जानेवारी 1929 मध्ये नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. अमेरिकेतली ही अशा प्रकारची पहिलीच शाळा. 1931 मध्ये ती न्यू जर्सीला हलली. डोरोथी संस्थेची अध्यक्ष झाली, स्वतःचा पैसा ओतला, देणग्यांसाठी दारोदार फिरली. इंग्लंडमधल्या दोन उत्साही बायकांनी मदत मागितली, तेव्हा तिनं आपला प्रशिक्षक तिकडे पाठवला आणि 1931 मध्ये तिथंही पहिली चार कुत्री तयार झाली.

सामाजिक काम करणाऱ्या कुणालाही तिच्या संस्थेचा एक नियम विचार करायला लावणारा आहे. कुत्रा तयार करायला खर्च भरपूर येतो आणि तो देणग्यांतून भागवला जातो. तरीही कुत्रा फुकट द्यायचा नाही! पहिल्या कुत्र्यासाठी दीडशे डॉलर घ्यायचे, जमतील तसे, हप्त्याहप्त्यानं चालतील. 1930 च्या दशकात ठरलेली ही रक्कम आजही तेवढीच आहे. यामागचा विचार साधा. दान घेणाऱ्याची मान खाली जाते आणि स्वतःच्या कमाईची वस्तू माणूस ताठ मानेनं वापरतो. ‘बिच्चारा’ हा शब्दच या संस्थेला नको होता. पुढे हॉटेलात, गाडीत, दुकानात कुत्र्यासह प्रवेश मिळावा म्हणून मॉरिस वर्षानुवर्षं झगडला आणि 1956 पर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात तसा कायदा झाला.

आता आपल्या रिट्रिव्हरकडे वळू. सुरुवातीला या कामात जर्मन शेफर्डच असत. नंतर लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रिव्हर आले. शिकारीत पडलेला पक्षी दात न लावता मालकाच्या हातात आणून देणं हे या जातींचं मूळ काम. म्हणूनच त्या माणसाळू, कामाला उत्सुक आणि म्हणूनच सदा काहीतरी तोंडात धरणाऱ्या!

या पिल्लांचं पहिलं शिक्षण मात्र साध्या घरांत होतं. 1942 पासून ‘सीइंग आय’ची पिल्लं स्वयंसेवी कुटुंबांकडे वाढायला दिली जातात. सात-आठ आठवड्यांचं पिल्लू येतं आणि वर्ष-सव्वा वर्षानं परत जातं. या काळात घरच्यांनी शिकवायचं ते अगदी साधं असतं आणि आपल्यालाही जसंच्या तसं उपयोगी पडेल असं आहे.

पिल्लू येण्याआधी वायरी, औषधं, फिनेल वर उचलून ठेवा. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, बेदाणे त्याला विषासारखे, त्याच्या तोंडी लागू देऊ नका. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून सांध्यांना त्रास होतो, म्हणून सतरंजी किंवा मॅट टाका. त्याची झोपायची जागा ठरवून द्या. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर दर वेळी एकाच ठिकाणी शू करायला न्या. तिथं केली की लगेच कौतुक, घरात झाली तर गुपचूप पुसून घ्या. नाक घासणं, मारणं यातून ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं. हात चावायला लागलं तर हात काढून घ्या आणि खेळणं तोंडात द्या. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे शब्द रोज पाच-पाच मिनिटं दोन-तीनदा शिकवा, पण घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आजी ‘इकडे ये’ म्हणते, नातू ‘कम’ म्हणतो, मग पिल्लानं कुणाचं ऐकायचं?

आणि जग दाखवा. लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर न सोडता, कडेवर घेऊन हॉर्न, बँड, रिक्षा, छत्री, म्हातारी माणसं, लहान मुलं अशी सगळ्यांची ओळख करून द्या. कुकरच्या शिट्टीपासूनच सुरुवात करा ना! लहानपणी जे ओळखीचं होतं, त्याला मोठेपणी कुत्रं घाबरत नाही. दिवसातून थोडा वेळ एकटं राहायचीही सवय लावा, म्हणजे पुढे तुम्ही बाहेर पडलात की घर डोक्यावर घेणार नाही.

डोरोथीचं निधन 8 सप्टेंबर 1946 ला न्यूयॉर्कमध्ये झालं. पिल्लं आजही घरोघरी वाढतात, आणि वर्ष झालं की त्या घरातली आई डोळे पुसत पट्टा संस्थेच्या हाती देते. आपण सासरी पाठवलेल्या लेकीसारखंच ते! पिल्लाच्या चपला चावण्यापासून ते शहाणपणापर्यंतचं सगळं तिनं निस्तरलेलं असतं, आणि त्याचं फळ मात्र तिनं कधी न पाहिलेल्या कुणाला तरी मिळतं. तो माणूस सकाळी दार उघडतो, पट्ट्याचा दांडा हातात घेतो आणि कुणालाही न विचारता कामाला निघतो.