काळ्या ढगांचा छायाचित्रकार

आकाशगंगेच्या पट्ट्यात मधूनच दिसणाऱ्या काळ्या जागा म्हणजे आकाशातील भगदाडे की तारे झाकणारे ढग? या प्रश्नाची उकल करण्यात खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १६ डिसेंबर १८५७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे निधन त्याआधीच झाले होते. घरी दारिद्र्य, शाळा जेमतेम दोन महिने. नवव्या वर्षी ते एका छायाचित्रकाराकडे कामाला लागले. तेथील अवजड सौर कॅमेरा सूर्याच्या गतीबरोबर फिरवत राहणे, हे त्यांचे काम. ही चिकाटी जन्मभर उपयोगी पडली.

१८७६ मध्ये वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा खर्चून त्यांनी पाच इंची दुर्बीण घेतली. पुढील वर्षी विख्यात खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकोम यांनी त्यांना आधी गणित शिकण्याचा सल्ला दिला. तो जिव्हारी लागला, तरी बर्नार्ड अभ्यासाला लागले. धूमकेतूंच्या शोधाबद्दल मिळालेल्या दोनशे-दोनशे डॉलरच्या बक्षिसांतून त्यांनी घरही उभे केले.

पुढे लिक वेधशाळेत १८९२ मध्ये त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. पण त्यांचे खरे वेड आकाशगंगेच्या छायाचित्रांचे. १८८९ मध्ये व्यक्तिचित्रांसाठी बनविलेले जुने भिंग वापरून त्यांनी ते काम सुरू केले. काचेवर तारे उमटावेत म्हणून एकेका छायाचित्रासाठी तासन्‌तास दुर्बीण हाताने नेमकी ठेवावी लागे. या चित्रांत काळ्या जागांच्या कडा स्पष्ट उमटल्या. अठराव्या शतकात विल्यम हर्शेल यांना अशी जागा आकाशातील भोक वाटली होती. बर्नार्डही प्रारंभी साशंक होते. अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर यातील बहुतेक जागा प्रकाश अडविणाऱ्या द्रव्याच्या आहेत, या मताकडे ते झुकले. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ जागांची सूची प्रसिद्ध केली. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा छायाचित्रसंग्रह १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ते द्रव्य म्हणजे वायू आणि धूळ. साधारण धूलिकण मायक्रॉनच्या दशांशाएवढा असल्याने दृश्य प्रकाश अडतो. लांब तरंगांचे अवरक्त किरण मात्र बऱ्याच अंशी पार होतात. म्हणूनच भुजंगधारी तारकासमूहातील ‘बर्नार्ड ६८’ या काळ्या ढगामागचे तारे अवरक्त छायाचित्रांत दिसले आणि २००१ मध्ये ढगाची घनता मोजता आली. दाट ढगांच्या गाभ्यात कण एकमेकांना चिकटून मायक्रॉनएवढे वाढतात आणि अवरक्त किरणही विखुरतात. २०१० मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांत असे अनेक गाभे मंद उजळलेले आढळले. ताऱ्यांचा जन्म होतो तो अशाच गाभ्यांत. योगायोग असा, की अवरक्त किरणांचा शोध १८०० मध्ये लावला, तो हर्शेल यांनीच.