गोदीतील पहिला यंत्रवेत्ता

मुंबईत नौदलाची गोदी आज जेथे उभी आहे, तेथे वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांची स्तुती सर्वत्र होते. आम्हांस मात्र त्याच घराण्यातील आर्देशर करसेटजींची दृष्टी अधिक मोलाची वाटते. 1808 साली जन्मलेल्या या पुरुषाने, उत्तम सांगाडा बांधून यापुढे भागणार नाही, आगबोटींची यंत्रे येथेच घडविता व दुरुस्त करता आली पाहिजेत, हे वेळीच ओळखले. विलायतेस जाऊन त्यांनी यंत्रविद्या अभ्यासली. 1841 साली ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले आणि त्याच साली मुंबई गोदीतील यंत्रशाळेचे व ओतशाळेचे मुख्य अभियंताही. हाताखाली युरोपीय कारागीर! गोऱ्यांवर नेटिवाने हुकूम चालवावा, हे येथील एका इंग्रजी पत्रास मुळीच रुचले नाही. आमच्या व्यवसायबंधूंचे हे शहाणपण स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

1851 साली आर्देशरांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. गोदीतील कारभार त्यांनी 1857 सालापर्यंत सांभाळला; 1877 साली इंग्लंडात रिचमंड येथे त्यांचे निधन झाले.