सिप्लाचे संस्थापक डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : घर आणि कारखाना एकाच निष्ठेनं सांभाळणारा माणूस

घरात कुणाला दमा असेल तर सिप्लाचा पंप उशाशी असतोच. तापाच्या गोळीपासून अँटिबायोटिकपर्यंत हे नाव आपण रोज वाचतो. पण ही कंपनी अलिगडहून आलेल्या एका मुस्लिम रसायनशास्त्रज्ञानं आपल्या मुंबईत उभी केली, हे आजच्या कॉलेजातल्या किती पोरांना ठाऊक आहे? विचारून बघा. म्हणूनच मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांची आठवण काढायची.

31 ऑक्टोबर 1898 रोजी अलिगडमध्ये त्यांचा जन्म झाला. घर ख्वाजा खानदानाचं, शिकलेलं. रसायनशास्त्राची गोडी लागली ती अलाहाबादेत. ते दिवस असहकार आणि खिलाफत चळवळीचे होते. गांधीजींच्या हाकेवर मुलं सरकारी कॉलेजं सोडत होती, जामिया मिलिया उभी राहत होती. तरुण हमीदही त्या लाटेत ओढले गेले. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांच्याशी त्यांची घट्ट दोस्ती होती. गांधीजींवरची श्रद्धा मात्र लाट ओसरली तरी गेली नाही, ती शेवटपर्यंत टिकली.

1924 मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघाले. जायचं होतं इंग्लंडला, पण वाटेत बेत बदलला आणि गाठलं जर्मनी. त्या काळी रसायनशास्त्रात जर्मनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. औषधं, रंग, खतं, सगळ्यात तेच पुढे. बर्लिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आपल्या देशात औषधं का बनत नाहीत, हा प्रश्न मनात घेऊनच ते परतले.

बर्लिननं त्यांना आणखी एक गोष्ट दिली, आयुष्याची जोडीदार. लुबा डेरचान्स्का ही लिथुआनियातल्या विल्नियसची ज्यू तरुणी, समाजवादी विचारांची. दोघांचा निकाह 1928 मध्ये झाला. विचार करा, भाषा वेगळी, मजहब वेगळा, मुलूख हजारो मैल लांब. तरी लुबा बेगम मुंबईत आल्या आणि इथल्याच झाल्या. थोरला मुलगा युसूफ यांचा जन्म 1936 मध्ये आजोळी, विल्नियसलाच झाला. तान्ह्या बाळाला घेऊन आई मुंबईला परतली. पाचच वर्षांत त्या शहरावर नाझी फौजा आल्या आणि तिथल्या ज्यू वस्तीचा जवळजवळ पुरता नायनाट झाला. बापाकडून मुस्लिम, आईकडून ज्यू, वाढलेली मुंबईत, अशी ही मुलं. वेगवेगळ्या मजहबाची माणसं एका दस्तरखानावर सुखानं बसू शकतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

युसूफ यांच्या जन्माआधी एक वर्ष दुसरं एक बाळ जन्मलं होतं. 1935 मध्ये डॉ. हमीदांनी केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. याच इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून सिप्ला हे नाव आलं. अधिकृत भांडवल 6 लाख रुपये. मुंबई सेंट्रलला भाड्याचा बंगला घेतला आणि 1937 मध्ये उत्पादन सुरू झालं. स्वतः शोधलेली औषधांची सूत्रं त्यांनी कंपनीला देऊन टाकली. त्यावर एका पैशाची रॉयल्टी घेतली नाही. आज कुणी करेल असं?

4 जुलै 1939 रोजी खुद्द गांधीजी कारखाना बघायला आले. लगेचच महायुद्ध पेटलं. परदेशी औषधांची आवक तुटली आणि देशाला आपल्या कारखान्यांची किंमत कळली. सिप्लानं त्या काळात सगळी ताकद गरजेची रसायनं आणि औषधं बनवण्यात लावली.

देशात राष्ट्रीय प्रयोगशाळा हव्यात, हा विचार मांडणाऱ्यांत डॉ. हमीद होते. सीएसआयआर ही संस्था 1942 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियामक मंडळावर ते अखेरपर्यंत राहिले. मुंबईच्या विधान परिषदेत त्यांनी 1937 ते 1962 अशी 25 वर्षं काढली. मंत्रिपद चालून आलं होतं, ते त्यांनी नाकारलं. मुंबईचे शेरीफपदही त्यांच्याकडे आलं.

मग आली फाळणी. कितीतरी शिकलेली, पैसेवाली खानदानं सीमेपलीकडे गेली. नव्या देशात अशा माणसाला मोठं पद मिळायला काय अडचण होती? पण डॉ. हमीदांचा फाळणीलाच विरोध होता. ते इथंच राहिले. बायकामुलं इथं, कारखाना इथं, कामगार इथं. त्या एका निर्णयाचा फायदा आजही या देशातला प्रत्येक आजारी माणूस घेतो आहे.

मुलांवर त्यांनी पैसा नाही, तालीम उधळली. युसूफ केंब्रिजला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून 1960 मध्ये परतले. मालकाचा मुलगा म्हणून आयती खुर्ची मिळाली असेल, असं वाटेल. पण संचालकाच्या मुलाला नेमायचं तर सरकारी मंजुरी लागायची, म्हणून पहिलं वर्ष त्यांनी बिनपगारी काम केलं. धाकटे मुस्तफा हेही पुढे कंपनीत आले. 1968 मध्ये सिप्लानं देशात पहिल्यांदा अँपिसिलिन बनवलं. बाप आणि बेटा खांद्याला खांदा लावून उभे होते.

23 जून 1972 रोजी डॉ. हमीदांचा इंतकाल झाला. त्याच वर्षी नवा पेटंट कायदा अमलात आला. औषधावर नाही, तर ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट, अशी सोय त्यात होती. त्यामुळे भारतीय कंपन्यांना स्वस्त औषधांचा रस्ता मोकळा झाला. त्याच रस्त्यानं जात 2001 मध्ये डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली. तोवर या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च यायचा. आफ्रिकेतल्या लाखो गरिबांना त्यातून जगण्याची आस मिळाली. वालिदांनी लावलेल्या झाडाचंच हे फळ.

आपल्या समाजात धंदा करणारे खूप आहेत, शिकणारेही आता वाढले आहेत. शिक्षण, धंदा, घर आणि देश या चारही गोष्टी एकाच आयुष्यात नीट सांभाळता येतात, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. मुंबई सेंट्रलपर्यंत गेलं तरी पुरे. मुलगा किंवा मुलगी सायन्स घ्यायचं म्हणत असेल, तर तिला, त्याला ही गोष्ट जरूर सांगा. अल्लाह मरहूमांना जन्नत नसीब करो. आमीन.