घटक ४ : रेव्हरंड नारायण वामन टिळक – एक बाप्तिस्मा, दोन अर्थ

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• ख्रिस्ती धर्मविचारातील बाप्तिस्मा या संस्काराचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• त्या संस्काराचा टिळकांच्या कौटुंबिक व सामाजिक जीवनावर झालेला परिणाम सांगता येईल.
• ‘देवाचा दरबार’ या त्यांच्या अखेरच्या प्रयत्नामागील भूमिका समजून घेता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, रेव्हरंड टिळकांच्या निसर्गाविषयीच्या आणि मुलांसाठीच्या कविता तुम्ही शाळेत असताना वाचल्या असतील. त्यांच्या नावामागील ‘रेव्हरंड’ ही पदवी मात्र आपण सवयीने उच्चारतो आणि पुढे जातो. कोकणातील एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या कवीच्या नावाला ती कशी जोडली गेली, हे समजून घ्यायचे तर १० फेब्रुवारी १८९५ या दिवसापाशी थांबावे लागते. त्या दिवशी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. या एका कृतीचा एक अर्थ धर्मशास्त्रात होता आणि अगदी वेगळा अर्थ तत्कालीन समाजात होता. या दोन अर्थांमधील अंतर कमी करण्यात टिळकांचे उरलेले आयुष्य खर्ची पडले. या घटकाचे मुख्य सूत्र हेच आहे.

४.२ जडणघडण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या, तर वडील वामनराव कठोर स्वभावाचे होते. आईचे छत्र लवकर हरपले आणि नारायणाने घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका विवाहानंतर लक्ष्मीबाई झाल्या. पुढील वर्षे अस्थिर गेली. कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी लेखन असे करत टिळक गावे बदलत राहिले. नागपूरला त्यांना संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम मिळाले.

या भटकंतीमागे केवळ चंचलपणा होता, असे समजू नका. जातिभेदाने विभागलेला देश एकत्र कसा येईल, हा प्रश्न त्यांना सतत अस्वस्थ करत होता. त्यासाठी एखादा नवा धर्म स्थापावा, असाही विचार त्यांनी केला होता. अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावून गेले. पुढची सुमारे दोन वर्षे त्यांनी वाचन, पत्रव्यवहार आणि अंतर्मनातील झगडा यांत घालवली. हा निर्णय आवेगातून झालेला नव्हता, ही बाब लक्षात ठेवा.

४.३ बाप्तिस्मा : धर्मशास्त्रीय अर्थ

‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याच्या धातूचा अर्थ ‘बुडवणे’ असा आहे. कॅथलिक लेखनात ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही आढळतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्यात बुडवून, पाणी ओतून किंवा शिंपडून हा संस्कार केला जातो. येशूने स्वतः यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, असे शुभवर्तमाने सांगतात.

या संस्काराचे चार अर्थ परस्परांत गुंतलेले आहेत. पहिला पापक्षालनाचा. पाणी शरीर स्वच्छ करते, त्याप्रमाणे देवाची कृपा जीव निर्मळ करते. दुसरा मरण आणि पुनरुत्थान यांचा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ही कल्पना मांडली आहे. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. तिसरा पवित्र आत्म्याच्या दानाचा. चौथा समाविष्ट होण्याचा. बाप्तिस्मा झालेली व्यक्ती ख्रिस्ताच्या शरीराचा, म्हणजेच मंडळीचा, अवयव होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल पुढे जाऊन म्हणतो, की तेथे वंश, दास्य किंवा लिंग यांवरून भेद उरत नाही.

परिणामांविषयी मात्र पंथांत मतभेद आहेत. कॅथलिक परंपरेनुसार संस्कारातूनच कृपा प्राप्त होते आणि जिवावर कधीही न पुसणारी खूण उमटते. अनेक प्रॉटेस्टंट पंथ त्याला देवाच्या अभिवचनाचे चिन्ह व मुद्रा मानतात. बाप्टिस्ट पंथ केवळ स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देतो, तर इतर अनेक पंथ तान्ह्या मुलांनाही देतात. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, ते दुसऱ्या प्रकारात मोडते.

येथे मराठी क्रियापदांकडे लक्ष द्या. आपण ‘बाप्तिस्मा घेतला’ म्हणतो, ‘दिला’ म्हणतो आणि ‘झाला’ असेही म्हणतो. ‘घेणे’मध्ये माणसाचा निर्णय आहे, ‘देणे’मध्ये मंडळीची कृती आहे आणि ‘होणे’मध्ये माणसाच्या हाती नसलेली कृपा आहे. पंथांमधील वादाचा बराचसा भाग या तीन क्रियापदांपैकी कशावर भर द्यायचा, याविषयीचा आहे.

४.४ बाप्तिस्मा : सामाजिक अर्थ

आता दुसरी बाजू पाहू. एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाकडे याच घटनेसाठी आणखी एक शब्द होता : ‘बाटणे’. या शब्दात नव्या जन्माची छटाही नाही. त्यात केवळ विटाळ आहे. शिवाय ‘बाटणे’ आपोआप घडते आणि ‘बाटवणे’ दुसरा करतो. विचारपूर्वक निर्णय घेणाऱ्या माणसाला या दोन्ही क्रियापदांत जागाच नाही. वर्षानुवर्षे विचार करून टिळकांनी उचललेल्या पावलाचे वर्णन करायला लोकभाषेकडे न्याय्य शब्दच नव्हता.

आणखी एक विसंगती तुमच्या ध्यानात येईल. उपनयनाने ब्राह्मण ‘द्विज’, म्हणजे दुसऱ्यांदा जन्मलेला, ठरतो. पुनर्जन्माची ही कल्पना टिळकांना परकी नव्हती. परंतु तो दुसरा जन्म विशिष्ट वर्णांपुरता मर्यादित होता. बाप्तिस्मा मात्र ब्राह्मणाला आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला एकाच पाण्याने एकाच पंगतीत बसवत होता. ज्या भेदाविरुद्ध टिळक झगडत होते, त्याला या संस्काराने थेट उत्तर दिले होते. म्हणूनच समाजाची प्रतिक्रियाही तितकीच तीव्र होती.

४.५ घरात पडलेली दरी

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. त्यांच्याशी विचारविनिमय न होता हे सर्व घडले. एका दिवसात पती हयात असूनही त्या एकाकी झाल्या. लहानगा दत्तू त्यांच्याजवळ होता. पंढरपूर आणि अन्यत्र नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. धर्मशास्त्र ज्याला मरण आणि पुनरुत्थान म्हणते, त्यातील मरणाचा अनुभव बाप्तिस्मा न घेतलेल्या पत्नीच्या वाट्याला आला, हे आपण नजरेआड करू नये.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, धर्मांतरामुळे मालमत्तेचा हक्क जाऊ नये, अशी तरतूद १८५० मध्ये झाली होती. १८६६ च्या कायद्यानुसार धर्मांतरित व्यक्तीचा त्याग करणाऱ्या जोडीदाराशी झालेला विवाह न्यायालयामार्फत संपुष्टात आणता येत होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या. प्रारंभी त्यांनी स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, अशी खात्री त्यांच्या स्वतःच्या मनात हळूहळू दृढ झाली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतीचा मार्ग ग्रंथातून गेला, तर पत्नीचा पाण्याच्या घागरीपासून सुरू झाला. हा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये विलक्षण प्रांजळपणे लिहिला आहे. तो ग्रंथ मुळातून अवश्य वाचा.

४.६ मराठीपण आणि ‘देवाचा दरबार’

टिळक अहमदनगरच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकवत असत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. तरुण बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहून गेले, यावरून त्या घराची दारे कशी खुली होती याची कल्पना येते.

ख्रिस्ती होणे म्हणजे मराठीपण सोडणे नव्हे, अशी त्यांची ठाम धारणा होती. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. तुमच्याच धाराशिव जिल्ह्यात तेर येथे गोरोबाकाकांची समाधी आहे. वाशी परिसरातील ज्यांनी तेथील भजने ऐकली आहेत, त्यांना अभंग ही केवळ छंदरचना नसून सर्वांची सामायिक वाणी आहे, हे वेगळे सांगायला नको. टिळकांनी तीच वाणी ख्रिस्ती उपासनेला दिली. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात आहेत. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभले आणि त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारली. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे अनुयायी या बंधुसंघात सामील होऊ शकत होते. ही भूमिका धाडसाची होती. बाप्तिस्मा हे मंडळीत प्रवेश करण्याचे द्वार असेल, तर त्यातून न जाणारा आत कसा, असा प्रश्न परंपरेकडून येणे स्वाभाविक होते. टिळकांनी स्वतःच्या बाप्तिस्म्याला कधी कमी लेखले नाही. परंतु ज्या संस्काराने भिंती पाडायच्या, त्याच संस्काराची समाजात भिंत झाली आहे, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. दरबार म्हणजे त्या भिंतीला पाडलेले दार होते. हा प्रयोग फुलण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते.

४.७ सारांश

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती धर्मविचारात पापक्षालन, नवजीवन, आत्म्याचे दान आणि मंडळीत समावेश यांचा संस्कार आहे. तत्कालीन समाजात तोच संस्कार बहिष्काराचे कारण ठरला. टिळकांनी १८९५ मध्ये पहिला अर्थ स्वीकारला, दुसऱ्याचे चटके पत्नीसह सोसले आणि भाषा, भक्तिगीत व ‘देवाचा दरबार’ यांच्याद्वारे ही दरी बुजवण्याचा प्रयत्न केला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. बाप्तिस्म्याचे चार धर्मशास्त्रीय अर्थ थोडक्यात लिहा.
२. ‘बाप्तिस्मा घेणे’ आणि ‘बाटणे’ या शब्दप्रयोगांतील दृष्टिभेद स्पष्ट करा.
३. ‘देवाचा दरबार’मध्ये बाप्तिस्मा न झालेल्यांना स्थान देणे तुम्हांला योग्य वाटते का? दोन्ही बाजू मांडून उत्तर लिहा.

उपक्रम : आपल्या परिसरातील कोणत्याही धर्मातील एका संस्काराची माहिती ज्येष्ठांकडून मिळवा. त्या संस्कारासाठी घरातील माणसे कोणते शब्द वापरतात आणि बाहेरची माणसे कोणते, याची नोंद करा.