चाळीसगावचा टांगा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काका तुम्ही बाबासाहेबांच्या जीवनावर लिहा, असा आग्रह मंडळाच्या पोरांनी धरला. मी गिरणी कामगार माणूस. शाळा सातवीला सुटली, पुढे जे वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संपूर्ण चरित्र सांगणे हे खैरमोडे, कीर यांच्यासारख्यांचे काम, त्यांनी ते करून ठेवले आहे. आपल्या विहारात दरवर्षी जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१, वडील रामजी सुभेदार, आई भीमाबाई, हे पोरंसोरंही भाषणात घडाघडा म्हणतात. पण आपल्याच खानदेशात बाबासाहेबांचा जीव जायची वेळ आली होती, हे विचारले तर निम्म्या घरांत माहीत नसते. म्हणून मी मुख्यतः तेच सांगणार आहे. मात्र त्यासाठी आधी सातारला जावे लागेल.

सातारच्या शाळेत लहान भीमराव गोणपाटावर बसे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, शिपाई नसला तर पाणी नाही. न्हावी केस कापत नसे, ते काम बहीण करी. आई लहानपणीच गेलेली. १९०१ साली वडील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीचा मुलगा असे नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून रेल्वेने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. पत्र वडिलांना मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी नाही. स्टेशनमास्तरने पोरांची आपुलकीने विचारपूस केली, पण जात कळताच त्याचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या, पण दुप्पट भाडे दिले तरी कोणी तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. गाडीवानाला पैसाही मिळाला आणि त्याची जातही राहिली. पोरांजवळ जेवण होते, पण रस्त्यात पाणी कोणी दिले नाही. ती रात्र त्यांनी उपाशी काढली.

ही तोड वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे लागणार आहे.

त्यानंतर बाबासाहेबांनी जे शिक्षण घेतले त्याला तोड नाही. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए., १९१३ ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. मधेच १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले. १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. १९२७ ला मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी.

गिरणीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथे, आपल्या माणसाला काम देत नसत. पगार त्याच खात्यात जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा दुसऱ्यानेही तोंडाला लावायचा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. मी स्वतः युनियनमध्ये बरीच वर्षे काढली आहेत, मला त्याचे नवल वाटत नाही.

आता चाळीसगाव. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद. बाबासाहेब आणि दुसरे एक सभासद यांच्याकडे पूर्व व पश्चिम खानदेश हे दोन जिल्हे आले, म्हणजे आपले आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार. काम आटोपून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. धुळे फाट्यावरच्या एका खेड्यात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता, तो पाहायचा होता. हाच तो फाटा, जामदा, राजमाने, शिरूडवरून आपण आजही जातो-येतो. चाळीसगावच्या मंडळींनी स्टेशनवर गाठून एक रात्र तरी आमच्याकडे राहा म्हणून गळ घातली. बाबासाहेब हो म्हणाले, खेड्यात जाऊन चौकशी केली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परत आले. तारीख होती २३ ऑक्टोबर १९२९.

लोक हार घेऊन उभे होते. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैल, नदीपलीकडे. बाहेर टांगे भरपूर. तरी तासभर झाला, निघायचे कोणी नाव घेईना. बाबासाहेबांना उलगडा होईना. शेवटी एक टांगा फलाटाजवळ आला. त्यात बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच, बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी पुढे गेले. दोनशे पावले गेले नसतील तोच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पोलीस ओरडला म्हणून मोटारवाल्याने गाडी मागे घेतली. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले, आणि रस्त्यावरून फरशीवर यायला एकदम काटकोनात वळावे लागे. तिथे घोडा उधळला. चाक दगडावर आपटले, बाबासाहेब उचलले जाऊन फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा खाली नदीत. बाबासाहेब बेशुद्ध. पलीकडे पोहोचलेली माणसे धावत आली, बायापोरांनी एकच आकांत केला आणि त्यांना उचलून वाड्यात नेले. पायाचे हाड मोडले होते. कित्येक दिवस चालता येत नव्हते.

खरी हकीकत त्यांना नंतर कळली. अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. इकडे आपल्या लोकांना बाबासाहेबांनी पायी जावे हे सहन होणारे नव्हते. मग तडजोड झाली की टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने जन्मात टांगा हाकलेला नव्हता.

मसूरची बैलगाडी आणि चाळीसगावचा टांगा, मधे अठ्ठावीस वर्षे. त्या अठ्ठावीस वर्षांत त्या पोराचा बॅरिस्टर झाला, कौन्सिलचा सभासद झाला, सरकारी चौकशीवर आला. गाडीवानाची अट मात्र तीच राहिली. पैसे द्या, गाडी घ्या, मी हाकणार नाही. लोक समजतात की भेदभाव म्हणजे सरळ नकार. नेहमी तसे नसते. नकार दिसतो, त्यावर बोंब मारता येते, खटला भरता येतो. ही अर्धी दिलेली गोष्ट मात्र दिसत नाही. उलट मिळाली म्हणून आपणच खूश होतो.

बाबासाहेबांनी स्वतः ही हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली आहे, मराठीत तिला व्हिसाच्या प्रतीक्षेत म्हणतात. त्यात त्यांनी टांगेवाल्याच्या अहंकारावर बोट ठेवले आहेच, पण आपल्या लोकांनाही सोडलेले नाही. माझा मान राखण्यासाठी यांनी माझा जीव धोक्यात घातला, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. लगाम धरणाऱ्याचे नाव मात्र त्यांनी लिहिले नाही.

हे वाचले तेव्हा मला माझी खोली आठवली. गिरणीत लागल्यावर चांगल्या वस्तीत भाड्याची खोली बघत होतो. घरमालकाने आधी नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, मग गावात राहायला कोणत्या बाजूला. दुसऱ्या दिवशी म्हणे पाहुणे येणार आहेत. एका ओळखीच्याने मध्यस्थी केली. खोली मिळाली, पण अंगणातल्या नळाला हात लावायचा नाही, पाणी बाहेरच्या सार्वजनिक नळावरून आणायचे. भाडे इतरांएवढेच. मी आनंदाने कबूल झालो. नातेवाइकांत सांगत फिरलो की आपल्याला तिकडे खोली मिळाली. तेव्हा मंडळी सात महिन्यांची गरोदर होती. डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे दोन हंडे ती रोज आणायची, आणि मी तिला बजावले होते की माहेरी हे बोलू नकोस. माझा मान होता ना! असे आम्ही दोन वर्षे काढले. मी बाबासाहेबांची जयंती त्याही दोन वर्षांत जोरात केली, वर्गणी गोळा केली, भाषण ठोकले. ती आजही एखादे वेळी त्या नळाचे नाव काढते आणि मी विषय बदलतो.

अपघातानंतर चार-सव्वाचार महिन्यांत, २ मार्च १९३० ला, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी गोलमेज परिषद. १९३५ ला येवल्याची घोषणा. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला राहिले. पुढचे सारे आपल्याला पाठ आहे, घटना समिती, कायदेमंत्रीपद, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा आणि ६ डिसेंबर. दीक्षाभूमीवर त्यांनी लाखो माणसांना जे दिले त्यात कुठलीही अट घातलेली नव्हती, एवढेच मी इथे नोंदवतो.

दर ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर आपली यात्रा भरते. खानदेशातून गाड्या येतात, आपल्या गल्लीतूनही जातात. मागच्या खेपेला टेकडी चढताना मी मंडळींना चाळीसगावचा टांगा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. तिने सगळे ऐकले आणि विचारले, लगाम धरणाऱ्याच्या बायकोने त्या रात्री त्याला जेवायला वाढले असेल का? मी गप्पच चालत राहिलो. वर पोहोचल्यावर तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः प्यायली, मग माझ्याकडे दिली.