एलनबाईंचा क्लोराइडचा नकाशा

फर्स्ट इयरचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आठवतंय? कोनिकल फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून ते पिवळं करायचं आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत राहायचं. विटकरी रंग आला की थांबायचं, रीडिंग लिहायचं. (ज्यांचा रंग गप्पांच्या नादात येऊन गेला त्यांनी शेजाऱ्याचं रीडिंग लिहायचं, ते सोडा.) पाण्यातलं क्लोराइड मोजायची ही पद्धत. सबमिशन झालं, जर्नलवर सही झाली, विषय संपला. पण हे क्लोराइड मोजायचंच कशाला, असं आमच्या बॅचमध्ये कुणीच विचारलं नाही. पाण्यातलं क्लोराइड म्हणजे बहुतेक आपलं साधं मीठ. पाण्यात चिमूटभर मीठ असलं तर काय बिघडतं?

उत्तर मला वर्षभराने लायब्ररीत सापडलं, आणि उत्तराबरोबर एक बाईही सापडली. एलन स्वॅलो रिचर्ड्स. एमआयटीमध्ये शिकलेली पहिली मुलगी. एमआयटी म्हणजे कोथरूडची नव्हे हं, अमेरिकेतली, तेव्हा बॉस्टनमध्ये असलेली.

एलनचा जन्म ३ डिसेंबर १८४२ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल या खेड्यातला. आईवडील दोघेही शिक्षक, मुलगी एकुलती एक. लहानपणी तिला घरीच शिकवलं. पुढे सगळे वेस्टफर्डला राहायला गेले, वडिलांनी दुकान काढलं, एलन तिथल्या ॲकॅडमीत शिकली आणि दुकानातही मदत करू लागली. त्यानंतरची काही वर्षं मात्र नुसती अडकून पडल्यासारखी गेली. आईचं आजारपण, घरकाम, शिकवण्या. पुढे शिकायची इच्छा खूप, पण मुलींना घेणारी कॉलेजं बोटावर मोजण्याएवढी. १८६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मुलींसाठी व्हॅसर कॉलेज सुरू झालं. एलनने तीनशेच्या आसपास डॉलर साठवले आणि १८६८ मध्ये ती तिथे दाखल झाली. वय पंचवीस! आपल्याकडे या वयात घरचे लग्नाची पत्रिका हातात घेऊन फिरत असतात.

व्हॅसरमध्ये तिला धूमकेतू शोधणाऱ्या मारिया मिशेल खगोलशास्त्र शिकवायला होत्या. पण तिचं मन केमिस्ट्रीत रमलं, कारण तिथले प्रोफेसर फरार यांचा आग्रह असा, की शास्त्र रोजच्या अडचणी सोडवायला वापरता आलं पाहिजे. १८७० मध्ये डिग्री मिळाली. नोकरीसाठी तिने केमिस्ट लोकांच्या कंपन्यांना पत्रं लिहिली, सगळीकडून नकार. एका कंपनीने बॉस्टनच्या नव्या टेक्निकल इन्स्टिट्यूटचं नाव सुचवलं. तिने तिथेही अर्ज केला आणि चक्क फी न घेता तिला प्रवेश मिळाला. आपली परिस्थिती बघून फी माफ केली असेल, असं तिला वाटलं. खरं कारण तिला नंतर कळलं. उद्या कुणी मुलीच्या प्रवेशावरून आरडाओरडा केलाच, तर फी घेतलेली नाही म्हणजे ती आमची विद्यार्थिनीच नाही, असं सांगायची ती सोय होती.

मला तरी हे वाचून राग आला. एलनलाही आला असणार, पण तिने तो लॅबमध्ये आणला नाही. सरांचे कागद आवरून दे, कुणाचं बोट कापलं तर पट्टी बांध, अशी कामं करत तिने स्वतःची अडचण कुणाला वाटू दिली नाही. हे शहाणपण म्हणायचं की नाइलाज, याच्यावर आमच्या रूमवर दोन रात्री वाद झाला, निकाल लागला नाही. १८७३ मध्ये तिला एमआयटीची बी.एस. मिळाली. डॉक्टरेट करायची तयारी होती, पण ती काही तिला मिळू दिली नाही.

दरम्यान, १८७२ मध्ये, ती शिकत असतानाच, एक काम तिच्या हातात आलं. मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाला राज्यातलं पाणी तपासून हवं होतं. काम प्रोफेसर निकोल्स यांच्याकडे आलं आणि बरंचसं विश्लेषण एलनने केलं. तिथून पाणी हा तिचा जन्माचा विषय झाला.

पाणी तपासायची गरज का पडली, हे कळायला त्या काळातलं घर डोळ्यांसमोर आणायला हवं. खेड्यात प्रत्येक घराची स्वतःची विहीर. त्याच आवारात, थोड्याच अंतरावर संडासाचा खड्डा. पलीकडे गोठा. विहिरीचं पाणी स्वच्छ, थंडगार, चवीला गोड. मग ते वाईट कसं असेल? याच विश्वासाने लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचं पाणी लोक पीत होते. ते पाणी आजूबाजूला चांगलं म्हणून प्रसिद्ध होतं. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा तर त्याच हापशाचं पाणी आवडतं म्हणून मुद्दाम मागवून प्यायची. ती कॉलऱ्याने गेली, आणि त्या भागातली आणखी सहाशेहून जास्त माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी संशय त्या हापशावर आणला. नंतर खोदून बघितलं तर एका घराचा मैलाखड्डा त्या विहिरीपासून अगदी काही फुटांवर झिरपत होता.

म्हणजे डोळे, नाक आणि जीभ, तिन्ही साधनं इथे निकामी. माती गाळणीसारखी असते. झिरपणाऱ्या सांडपाण्यातला गाळ, रंग, वास ती अडवते, आणि आपल्याला वाटतं पाणी शुद्ध झालं.

आता परत आपल्या टायट्रेशनकडे. माणूस मीठ खातो आणि लघवीतून ते बाहेर टाकतो. त्यामुळे सांडपाण्यात क्लोराइड भरपूर. गंमत अशी, की क्लोराइड मातीत अडकत नाही, सडत नाही, कशात रूपांतरही होत नाही. वास गेला, रंग गेला, तरी क्लोराइड पाण्याबरोबर विहिरीपर्यंत पोचतंच. चोर पळून गेला तरी बुटांचे ठसे राहावेत तसं. क्लोराइड स्वतः काही करत नाही, पण या पाण्याने वाटेत कुठे मुक्काम केला होता ते सांगतं.

पण एक अडचण होती. पाण्यात नैसर्गिक क्लोराइडही असतंच. समुद्राचे तुषार वाऱ्याबरोबर उडतात आणि पावसातून जमिनीवर येतात. मग विहिरीतलं क्लोराइड समुद्राचं की संडासाचं, हे ओळखायचं कसं?

इथून पुढे एलनला अहो-जाहो करायला हवं, कारण १८८४ मध्ये त्या एमआयटीत सॅनिटरी केमिस्ट्रीच्या इन्स्ट्रक्टर झाल्या. १८८७ पासून आरोग्य मंडळाने राज्यभराच्या पाण्याची मोठी तपासणी सुरू केली. प्रमुख होते प्रोफेसर थॉमस ड्राउन, आणि लॅब सांभाळत होत्या एलनबाई. काही वर्षांत सुमारे ४०,००० नमुने तपासले गेले. जरा विचार करा, आपण एका प्रॅक्टिकलला तीन रीडिंग घेतो आणि हात दुखला म्हणतो!

नमुन्यांचे आकडे नकाशावर मांडले तेव्हा त्यातून चित्र उभं राहिलं. ज्या पाण्यांना माणसांचा संसर्ग नाही अशी तळी, झरे, विहिरी बघितल्या, तर किनाऱ्याजवळ क्लोराइड जास्त आणि आत जावं तसं कमी कमी होत जाणारं. राज्याच्या पश्चिम टोकाच्या डोंगराळ भागात लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास, किनाऱ्यालगत त्याच्या कितीतरी पट. समान क्लोराइडच्या जागा जोडल्या की किनाऱ्याला साधारण समांतर अशा रेषा. हाच त्यांचा नॉर्मल क्लोरिन मॅप. आता समजा, पश्चिमेकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीत पंधरा मिलिग्रॅम निघालं. किनाऱ्यावर ते कदाचित चालून गेलं असतं, पण इथे नॉर्मल एक असताना बाकीचं चौदा आलं कुठून? समुद्रातून नक्कीच नाही.

मला यातलं इंजिनिअरिंग फार आवडलं. एक ब्युरेट, एक स्वस्त टेस्ट आणि एक नकाशा. नुसत्या रीडिंगला अर्थ नसतो, ते कशाशी ताडायचं ते माहीत असावं लागतं. जोडीला अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट हे तिघे मोजायचे. सांडपाण्यातल्या नायट्रोजनचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. म्हणून अमोनिया जास्त असेल तर घाण ताजी, जवळची. नुसतं नायट्रेट असेल तर जुनी. पाण्याच्या एका बाटलीवरून एवढा इतिहास वाचता येत होता. या सगळ्या कामातून पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये पाण्याच्या गुणवत्तेची मानकं ठरली, आणि अमेरिकेत तसं करणारं ते पहिलं राज्य मानलं जातं.

आणि स्वतःच्या घरी? १८७५ मध्ये एलनचं लग्न एमआयटीतच मायनिंग शिकवणाऱ्या रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी झालं. (हनिमूनला सरांनी आपला अख्खा वर्ग बरोबर नेला, नोव्हा स्कोशियाला, खाणी बघायला. मायनिंगवाल्यांनी नोंद घ्यावी.) जमैका प्लेनमधलं घर घेतल्यावर या बाईंनी घराचीच लॅब केली. कोळशाच्या शेगडीऐवजी गॅस आणला, धूर आणि कोंदट हवा बाहेर काढायची सोय केली, आणि आवारातल्या विहिरीचं पाणी स्वतः तपासलं. घरचं सांडपाणी त्या विहिरीकडे जात नाही ना, हेही बघून घेतलं. राज्याची विहीर तपासणारी बाई स्वतःची विहीर गृहीत धरत नव्हती.

मला हीच गोष्ट त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वाटते, नकाशापेक्षाही. शहराच्या नळाला मालक असतो, त्याला जाब विचारता येतो. खासगी विहिरीचा मालक, इंजिनिअर आणि इन्स्पेक्टर सगळं घरचा माणूसच. हे आजही तसंच आहे. अमेरिकेचा १९७४ चा पिण्याच्या पाण्याचा कायदा खासगी विहिरींना लागू नाही, आणि तिथे चार कोटींहून जास्त लोक अशा विहिरींवर आहेत. त्यांनी वर्षातून एकदा तरी जंतू आणि नायट्रेट तपासून घ्यावं, असा तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला असतो. नायट्रेटचा धोका तर एलनबाईंच्या काळात ठाऊकही नव्हता. त्या ते फक्त घाणीची खूण म्हणून मोजायच्या. १९४५ मध्ये आयोवातल्या एका डॉक्टरने दाखवून दिलं, की विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही बाळं निळी पडतात, रक्तातला ऑक्सिजन कमी पडून. आणि खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये खडकातल्या काही बोअरवेलना नैसर्गिक आर्सेनिक निघतं. त्यालाही रंग नाही, वास नाही, चव नाही. क्लोराइडच्या नकाशावर ते दिसलं नसतं.

एलनबाईंच्या सगळ्याच गोष्टी मला पटल्या असं नाही. बॉस्टनच्या गरीब वस्तीसाठी १८९० मध्ये त्यांनी पौष्टिक आणि स्वस्त जेवणाचं किचन काढलं, पण बाहेरच्या देशांतून आलेल्या लोकांना ते बेचव जेवण आवडलं नाही. पोषणाचा हिशोब बरोबर होता, पण खाणाऱ्याची आवड कुणी विचारली नव्हती. (मेस कमिटीनेही नोंद घ्यावी.) पुढे होम सायन्सची चळवळ त्यांनी उभी केली, १९०८ मध्ये त्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि त्यामुळे जगाने त्यांना स्वयंपाकघराच्या खात्यात टाकून दिलं. सॅनिटरी इंजिनिअरिंगच्या पोरांना पाणी तपासायला शिकवणारी बाई मागे पडली. ती पोरं पुढे गावोगावच्या वॉटरवर्क्सची इंजिनिअर झाली. बाईंना मात्र एमआयटीने शेवटपर्यंत इन्स्ट्रक्टरच ठेवलं, सत्तावीस वर्षं. प्रोफेसर केलं नाही. डॉक्टरेट मिळाली ती १९१० मध्ये, दुसऱ्याच एका कॉलेजची, मानद. ३० मार्च १९११ रोजी जमैका प्लेनच्या त्याच घरी त्या गेल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत काम चालू होतं.

आमच्या गावच्या घरी आड आहे. सेप्टिक टँकपासून मी मोजली, सतरा पावलं. आजीच्या मते त्या पाण्यासारखं पाणी पंचक्रोशीत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर येताना एका बाटलीत आडाचं आणि एका बाटलीत मळ्यातल्या विहिरीचं पाणी घेऊन आले. लॅब असिस्टंट काकांच्या मागे लागून टायट्रेशन केलं, या वेळी तिन्ही रीडिंग स्वतःची. आडातलं क्लोराइड मळ्यातल्यापेक्षा तिपटीने जास्त निघालं. नायट्रेट आणि जंतूंसाठी बाबांनी सॅम्पल जिल्ह्याच्या लॅबमध्ये दिलंय, रिपोर्ट यायचा आहे. तोवर आजी उकळलेलं पाणी पिते आणि त्याला चव नाही म्हणून रोज फोनवर कुरकुरते. उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट तसंच राहतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.